छापलेली कॅप की कोरलेली? पुढच्या दातांच्या तात्पुरत्या कॅपबद्दल

बकुळफूल | ९ जानेवारी, रात्री १०:४०

रूट कॅनालवर इथे ढिगाने धागे आहेत, पण मला हवं ते एकातही सापडलं नाही, म्हणून नवा काढते आहे.

वरचे मधले दोन दात. कॉलेजात असताना लूनावरून पडले, तेव्हापासून त्यांवर कॅप आहेत. मागच्या वर्षी त्यांच्या कडेला हिरडीजवळ काळी रेघ दिसायला लागली, म्हणून बदलायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडची हिरडी वरखाली आहे, आधी ती सारखी करून घेऊ. डिसेंबरच्या सुरुवातीला ते झालं आणि त्याच दिवशी जुन्या कॅप काढून तात्पुरत्या बसवल्या. पक्क्या झिरकोनियाच्या (पांढऱ्या, कठीण सिरॅमिकच्या) कॅप हिरडी आपल्या जागी स्थिरावल्यावर, म्हणजे तीन-चार महिन्यांनी.

या तात्पुरत्या कॅप थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या आहेत. तोंडात पेनासारखा कॅमेरा फिरवून माप घेतलं. तो गुलाबी लगदा नाही, उमासे नाहीत. पहिल्या दिवशी इतक्या सुंदर दिसत होत्या की पक्क्या कॅपची गरजच काय असं वाटलं. आता पाच आठवडे झालेत. तक्रारी अशा:

रंग पिवळट-तपकिरी झालाय, हिरडीच्या बाजूला जास्त. उजव्या दाताच्या खालच्या कडेचा टवका उडाला, तोही संक्रांतीच्या वड्या पडायच्या आधीच, चाखून बघताना. आणि 'स' म्हटलं की बारीक शीळ येते. मी हौशी निवेदिका आहे, २६ जानेवारीला कार्यक्रम आहे आणि पहिलाच शब्द 'सुस्वागतम्'.

भाचा म्हणतो, "मावशी, प्लास्टिक छापून दिलंय तुला, मशीनवर कोरलेली मागायची होतीस." खरं आहे का हे? पुन्हा करून मागू की तीन महिने असंच काढू?

---

जुना_खोडकर | ९ जानेवारी, रात्री ११:१५

आमच्या वेळी डॉक्टर वाटीत पावडर आणि कसलासा द्रव कालवून तोंडातच कॅप घडवायचे. वास असा की दोन दिवस जेवण जायचं नाही. पण ती कॅप माझ्या दाढेवर पावणेदोन वर्षं होती. पक्की बसवायला गेलोच नाही.

---

सुळा | १० जानेवारी, सकाळी ७:०५

(दंतवैद्य आहे. तोंड न बघता निदान करता येत नाही, हे आधीच सांगते.)

खोडकरकाका, तुम्ही न जाऊन मोठी जोखीम घेतलीत. तात्पुरत्या कॅपचं सिमेंट मुद्दामच कच्चं असतं, कारण ती आम्हाला सहज काढता यायला हवी. ते हळूहळू विरघळतं, कॅप वर दिसत राहते आणि आत दात किडत राहतो. "टिकली" हे नेहमीच चांगलं लक्षण नसतं.

बकुळताई, तीन प्रश्न. १) हिरडीच्या कामानंतर गुळण्या करायला कोणतं औषध दिलं होतं आणि किती दिवस वापरलंत? २) शेजारचे खरे दातही पिवळट दिसतात का, विशेषतः दोन दातांमधल्या फटीत? ३) टूथपेस्ट कोणती?

---

लॅबवाला_सांगली | १० जानेवारी, सकाळी ९:३०

आमचं कामच हे. दोन्ही मशीन आहेत, त्यामुळं कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही.

कोरलेली म्हणजे मिलिंग. कारखान्यातून छोट्या बशीएवढी चकती येते, ९८ मिलिमीटर व्यासाची, पीएमएमए नावाच्या अॅक्रिलिकची. ती तिथंच मोठ्या दाबाखाली, उष्णता देऊन पक्की केलेली असते. आम्ही फक्त कोरतो. म्हणजे मटेरियल चांगलं की वाईट हे माझ्या हातात नाही, आधीच ठरलंय. आत हवेचे बुडबुडे जवळजवळ नसतात, कच्चा राहिलेला रसायनाचा अंश अगदी कमी. म्हणून साधारणपणे ती रंग कमी धरते आणि जास्त दिवस जाते.

छापलेलीचं उलटं. बाटलीतलं पातळ रेझिन, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणारं प्लास्टिक, मी माझ्या लॅबमध्ये घट्ट करतो. म्हणजे मटेरियल मीच बनवतो म्हणा ना. एक थर ५० किंवा १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ५० नं गेलं तर दहा मिलिमीटर उंचीच्या दाताला २०० थर. मशीनमधून निघते तेव्हा ती अर्धकच्ची असते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची, पूर्ण वाळवायची, मग अतिनील प्रकाशाच्या डब्यात पक्की करायची, मग छापताना दिलेल्या आधाराच्या काड्यांचे कोंब घासून पॉलिश, वर ग्लेझ म्हणजे चकाकीचा थर. यातली एक पायरी जरी घाईत उरकली तरी पेशंटला पहिल्या दिवशी काही कळत नाही. महिन्यानं कळतं.

खोटं कशाला बोलू, घाई असली की सगळ्यात आधी वाळवणं आणि पॉलिश यांवरच वेळ वाचवला जातो. ओल्या अल्कोहोलसकट डब्यात टाकली की वरचा थर कच्चा राहतो. हवेतला ऑक्सिजनसुद्धा वरच्या पापुद्र्याला पक्कं होऊ देत नाही, बोटाला किंचित चिकट लागतं. तो चिकटा नीट काढला नाही तर चहा, हळद, सगळं ओढून घेतो.

दुसरी गंमत बाटलीची. रंगद्रव्य तळाशी बसतं. बाटली नीट न हलवता ओतली की त्याच बाटलीतली पहिली कॅप फिकी आणि शेवटची गडद.

त्यामुळं "छापलेली वाईट" असं नाही. छापलेली करणारा माणूस कोण, त्यावर आहे.

---

थरथर | १० जानेवारी, सकाळी ११:५०

लॅबवाले दादांना +१. मी यंत्र अभियंता, घरी रेझिन प्रिंटर आहे, गणपतीच्या मखराचे तुकडे त्यावर करतो. थरांचा मुद्दा वाढवतो. लाकूड रेषेच्या दिशेने पटकन फाटतं, आडवं फाटत नाही. छापलेल्या वस्तूचंही थोडंफार तसंच. जोर थरांच्या सांध्यावर आला की तिथून सुटतं, म्हणून कॅप मशीनवर कशी तिरकी ठेवून छापली त्याने ताकद बदलते. कोरलेल्या चकतीत ही दिशाच नसते.

पण कोरण्यालाही मर्यादा आहे. फिरणाऱ्या हत्याराचं टोक गोल, त्यामुळे आतल्या बाजूचा अणकुचीदार कोपरा त्याला तसाच काढता येत नाही, तिथे थोडं जास्त खरवडावं लागतं. पुढचे दात कडेला पातळ असतात, नेमकं तिथेच आतून सैल बसू शकतं. प्रिंटरला कोपऱ्यांची अडचण नाही.

आणि वेळ. प्रिंटर अख्खा थर एकदम उजळतो, त्यामुळे एक कॅप छापा नाहीतर वीस, वेळ उंचीवर ठरतो. मिलिंग मशीन एकेक करत बसतं. लॅबना प्रिंटर आवडतो तो म्हणून.

(कोणी विचारायच्या आधी: नाही, घरच्या प्रिंटरवर दात छापू नका. मखराचं रेझिन तोंडात घालायचं नसतं.)

---

कडूनिंब | १० जानेवारी, दुपारी १:१०

कडुनिंबाची काडी वापरली असती तर ही वेळच आली नसती.

---

बकुळफूल | १० जानेवारी, दुपारी १:२२

@कडूनिंब, लूनावरून पडताना तोंडात काडी असती तर आणखी लागलं असतं. 😀

@सुळा, डॉक्टर, तुम्ही अंतर्यामी आहात का? गुळण्यांचं औषध गुलाबी होतं. दोन आठवडे सांगितलेलं. बाटली उरली म्हणून संपेपर्यंत केलं, आणि मग आणखी एक आणली, कारण तोंड स्वच्छ वाटायचं. म्हणजे आजपर्यंत चालूच आहे. आता आरशात टॉर्च लावून पाहिलं, खालच्या खऱ्या दातांच्या फटीतही तोच तपकिरी रंग! टूथपेस्ट कोळशाची, कारण पिवळं दिसायला लागल्यावर तीच आणली.

---

सुळा | १० जानेवारी, रात्री ९:४०

मग बराचसा गुन्हेगार सापडला. ते क्लोरहेक्सिडीन असणार. हिरडीच्या जखमेनंतर उत्तम औषध, पण जास्त दिवस वापरलं की चहा-कॉफीच्या साथीने तपकिरी थर बसवतं, खऱ्या दातांवरही. म्हणूनच ते मोजके दिवस सांगतात. तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा आणि बहुधा ते उद्यापासून बंद करायला सांगतील.

कोळशाने त्यात भर पडली असावी. खरखरीत पेस्टने कॅपवरचं ग्लेझ घासलं जातं आणि घासलेल्या पृष्ठभागावर डाग जास्त बसतात. म्हणजे डाग घालवायला म्हणून आणलेल्या पेस्टने पुढच्या डागांची सोय केली. बेकिंग सोडा, दंतमंजन, मिश्री, सगळ्यांचं तेच. साधी, मऊ पेस्ट आणि मऊ ब्रश.

खरे दातही रंगलेत याचा अर्थ वरवरचा डाग आहे, तो पॉलिशने जाईल. पॉलिश करूनही कॅपमध्ये जो रंग उरेल तो आत मुरलेला, आणि तेवढाच दोष छपाईकडे जातो. आधी पॉलिश करून घ्या, मग भाच्याशी भांडा.

---

चकलीभाजणी | ११ जानेवारी, सकाळी ८:१५

हळदीचं काय? आमच्याकडे तर पोळी सोडून सगळ्यात हळद.

---

लॅबवाला_सांगली | ११ जानेवारी, सकाळी ९:०५

हळद वाईटच. त्यातला रंग तेलात मुरतो, पाण्यात नाही, आणि रेझिनला तेलकट गोष्टी आवडतात. पांढऱ्या साडीवर आमटी सांडली की धुऊन उन्हात टाकतो ना, डाग उडतो? तोच रंग, उन्हात टिकत नाही. पण तोंड उघडं ठेवून गच्चीत कोण बसणार!

जेवल्यावर लगेच पाण्यानं खळखळून चूळ भरायची. एवढंच हातात आहे. हळद सोडून जगा असं मी सांगितलं तर माझी आई मला जेवायला घालणार नाही.

---

राइनकाठी | ११ जानेवारी, दुपारी ३:३०

जर्मनीतून. इथे तात्पुरत्या कॅपला 'प्रोविझोरियुम' म्हणतात आणि जास्त दिवसांच्या तात्पुरत्या कॅपला वेगळं नाव आहे, 'लांगत्साइट-प्रोविझोरियुम', म्हणजे दीर्घमुदतीची तात्पुरती. हा शब्द ऐकून मला आपल्याकडचे 'हंगामी कायम कर्मचारी' आठवले.

पण त्या वेगळ्या नावाने एक गोष्ट समजली. इम्प्लांट हाडात रुजेपर्यंत मला तीन दातांचा तात्पुरता ब्रिज आठ महिने वापरायचा होता. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं की किती महिने हवंय, आणि मटेरियल त्यावर ठरवलं. दोन आठवड्यांसाठी त्यांनी खुर्चीतच पिचकारीतून रेझिन भरून केलं असतं. आठ महिन्यांसाठी कोरलेलं पीएमएमए दिलं, तेही अनेक छटांची चकती वापरून, हिरडीकडे गडद आणि कडेला पारदर्शक. फोटोत कुणाला ओळखू आलं नाही. सहाव्या महिन्यात चमक थोडी गेली, तुटलं नाही.

बकुळताई, तुम्हाला कोणी विचारलं होतं का, किती महिने?

---

बकुळफूल | ११ जानेवारी, सायंकाळी ७:००

नाही विचारलं. "तात्पुरती आहे, जपून" एवढंच. आणि मीही विचारलं नाही, कारण तात्पुरती म्हणजे आठवडा-दोन आठवडे असं डोक्यात.

---

जुना_खोडकर | ११ जानेवारी, रात्री ८:२०

पण शेवटी प्लास्टिकच ना? त्याचे पैसे घेतात म्हणजे कमाल आहे.

---

थरथर | ११ जानेवारी, रात्री ९:१०

काका, प्लास्टिकला इतकं हिणवू नका. हेच पीएमएमए. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये मोतीबिंदूनंतर डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं ते याचंच. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचा याच्याच होत्या, त्यांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात जाऊनही डोळा ते सोसतो, हे रिडलींनी पाहिलं होतं. कवळ्याही गेली ऐंशीहून जास्त वर्षं याच्याच होतात.

दात संगणकावर घडवायची कल्पनाही कालपरवाची नाही. फ्रान्सचे फ्राँस्वा ड्यूरे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रकाशाने माप घ्यायचं मांडत होते, आणि १९८५ मध्ये झुरिकला व्हर्नर मोरमान यांनी खुर्चीशेजारच्या मशीनवर कोरलेलं सिरॅमिकचं भरण पेशंटला बसवलं. छपाई मात्र दातांमध्ये बरीच उशिरा आली.

---

गच्चीवरची_तुळस | १२ जानेवारी, सकाळी १०:००

रंगाचा एक वेगळा अनुभव. माझी कॅप घरात अगदी जुळायची, पण लग्नाच्या हॉलमधल्या दिव्यांत एकच दात मेल्यासारखा दिसायचा. असं का?

---

सुळा | १२ जानेवारी, दुपारी २:१५

दोन कारणं. एक, दोन वस्तू एका प्रकाशात सारख्या आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या दिसू शकतात. साडीला ब्लाऊजपीस दुकानात जुळतं आणि रस्त्यावर आल्यावर जुळत नाही, तसंच. दोन, खरा दात अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. मटेरियलमध्ये तो गुण नसेल तर स्टेजच्या जांभळ्या दिव्यांखाली तो दात काळा पडल्यासारखा दिसतो.

शेड, म्हणजे दाताची छटा, कधी जुळवून घेतली यावरही आहे. शेड गाइडवर (छटांच्या नमुना-पट्टीवर) ए, बी, सी, डी मिळून १६ छटा असतात. तोंड अर्धा तास उघडं राहिलं की खरे दात सुकून फिके दिसतात. कामाच्या शेवटी शेड घेतली तर कॅप फिकी येते आणि दुसऱ्या दिवशी खरे दात पुन्हा ओले होऊन गडद दिसतात. म्हणून शेड पहिल्या पाच मिनिटांत, खिडकीजवळ, लिपस्टिक पुसून.

रंगातला फरक मोजायला डेल्टा ई नावाचा आकडा आहे. साधारण १.२ ला निम्म्या लोकांना फरक दिसतो, २.७ ला निम्म्यांना खटकतो. मधल्या पट्ट्यात फक्त पेशंट आणि पेशंटची नणंद.

---

चकलीभाजणी | १२ जानेवारी, दुपारी २:२०

शेवटच्या वाक्याला साष्टांग. 😂

---

लॅबवाला_सांगली | १२ जानेवारी, रात्री १०:३०

बकुळताईंच्या शिळेबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या मते या धाग्यातली ती सगळ्यात महत्त्वाची तक्रार आहे.

पुढच्या दातांची तात्पुरती कॅप ही नुसती झाकण नसते, ती तालीम असते. 'फ' आणि 'व' म्हणताना वरच्या दाताची कड खालच्या ओठाला कुठं टेकते, 'स' म्हणताना वरच्या आणि खालच्या दातांमधली फट किती, हे तोंडात घातल्याशिवाय कळत नाही. संगणकावर बघून सगळं छानच दिसतं. आता चूक सापडली तर ती फाइलमध्ये दुरुस्त करायची. तीच दुरुस्त फाइल उद्या झिरकोनियाला जाणार. झिरकोनिया भट्टीत १५०० अंशांच्या आसपास भाजून निघाल्यावर, बसल्यावर, शीळ सापडली तर काय करणार?

आणि डिजिटलचा खरा फायदा इथंच. फाइल आमच्याकडं आहे. टवका उडाला तर पुन्हा माप नाही, पेशंटला बोलवायचं फक्त बसवायला. जुन्या पद्धतीत कॅप हरवली की सगळं पहिल्यापासून.

टवक्याबद्दल: तिळाच्या वडीला दोष देण्याआधी डॉक्टरांना सांगा की खालचे दात पुढं सरकवून कड कुठं घासतीय ते बघा. कड लांब असली तर शीळ आणि टवका, दोन्हीचं कारण एकच असू शकतं.

---

सुळा | १२ जानेवारी, रात्री ११:०५

दादांशी पूर्ण सहमत. फक्त एक भर: पुढचे दोन-तीन आठवडे आकार बदलत राहणार असेल तर छापलेलीच ठेवा, पटकन बदलता येते. आकार ठरला की उरलेल्या दोन-अडीच महिन्यांसाठी कोरलेली घ्या. दोन्हींची कामं वेगळी आहेत. भाचा अर्धा बरोबर आहे.

आणि मधल्या काळात निघाली तर फेविक्विक अजिबात नाही! दरवर्षी एकजण तरी लावून येतो. कॅप डबीत ठेवायची, डॉक्टरांना फोन करायचा आणि एक-दोन दिवसांत जायचं. कॅपशिवाय राहिलं तर शेजारचे दात सरकतात आणि मापाची पक्की कॅप बसत नाही. फ्लॉस करताना दोरा खाली ओढू नका, बाजूने सरकवून काढा.

---

बकुळफूल | १८ जानेवारी, रात्री ९:५०

अपडेट. गुलाबी औषध आणि कोळसा, दोन्ही बंद. डॉक्टरांना हा धागा दाखवायचं धाडस झालं नाही, पण प्रश्न सगळे विचारले.

पॉलिश केल्यावर ऐंशी टक्के डाग गेला. खऱ्या दातांचाही गेला. उजव्या कॅपमध्ये हिरडीजवळ अर्धचंद्रासारखी पिवळी कड मात्र राहिलीच. डॉक्टर स्वतःच म्हणाले की तिथे आधाराची काडी होती, पॉलिश कमी पडलं असणार. पैसे न घेता दोन्ही पुन्हा छापून दिल्या.

आणि लॅबवाले दादा, तुम्हाला वडी देणं लागते. निळा कागद चावायला देऊन पाहिलं, उजवी कड लांबच होती. फाइलमध्ये अर्धा मिलिमीटर कमी केली, आतल्या बाजूला किंचित जाडी वाढवली. फेब्रुवारीच्या मध्यावर, आकार पटला तर, कोरलेली. किती महिने हवंय ते या वेळी मी आधी सांगितलं.

जुन्या दोन कॅप मागून आणल्या. कुंकवाच्या डबीत ठेवल्यात. भाच्याला दाखवायच्या आहेत.

---

बकुळफूल | २६ जानेवारी, रात्री १०:१५

'सुस्वागतम्' झालं. 'सस्नेह' आणि 'सुज्ञ रसिकहो'सुद्धा. शीळ नाही. जांभळ्या दिव्यात दात कसे दिसले ते कोणी सांगितलं नाही, आणि नणंद पहिल्याच रांगेत होती.

---

नवीन_सदस्य_४७ | २ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

वडिलांच्या खालच्या दाढेवर छापलेली कॅप बसवली आहे, त्यांना रात्री दात खायची सवय आहे. टिकेल का?

---

लॅबवाला_सांगली | २ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

दाढेचं गणित पूर्ण वेगळं. तिथं दिसणं कुणी विचारत नाही, जाडी विचारतात. वर चावायच्या जागी दीड मिलिमीटर तरी मिळालीय का ते डॉक्टरांना विचारा, आणि नवा धागा काढा. इथं बकुळताईंची वडी यायची आहे अजून.